दिवाळी ते मृग: कोल्हापुरात काडीपासून ज्युनिपर बोन्साय

ज्युनिपर हे सदाहरित सूचिपर्णी झाड. त्याची फांदी तोडून ठेवली, कुंडीतली मुळं कुजली किंवा आठवडाभर पाणीच मिळालं नाही, तरी पानं लगेच सुकत नाहीत. कित्येक आठवडे ती हिरवीच दिसतात. जास्वंद, मोगरा, गुलाब यांच्या पानांवरून झाडाची तब्येत ओळखायची सवय असलेला माणूस इथं हमखास फसतो. झाड तपकिरी पडायला लागलं की तो पाणी वाढवतो, खत घालतो, जागा बदलतो. पण ते झाड महिन्यापूर्वीच गेलेलं असतं. म्हणून काडी लावून ज्युनिपरचं बोन्साय करायचं तर रंग बघून उपाय करण्याची सवय सोडावी लागते आणि सगळी काळजी आधीच घ्यावी लागते. कोल्हापुरात ती काळजी मुख्यतः दोन गोष्टींची: मुळांशी पाणी साचू द्यायचं नाही आणि प्रत्येक काम त्याच्या ऋतूतच करायचं.

हे झाड मुळात आपल्याकडचं नाही. ज्युनिपरच्या बहुतेक जाती उत्तर गोलार्धातल्या थंड आणि डोंगराळ मुलखात वाढतात. आपल्या हिमालयातही काही आहेत. बोन्सायसाठी सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते चायनीज ज्युनिपर आणि त्याचाच जपानी डोंगरांतला प्रकार शिंपाकु. जमिनीलगत पसरणारं प्रोकम्बेन्सही लोकप्रिय आहे. शिंपाकुची जुनी नामांकित झाडं जपानमध्ये कड्याकपारींतून उतरवून आणलेली आहेत. अशा जागी भरपूर ऊन असतं, वारा सतत वाहतो, मुळं खडकाच्या फटीत असतात आणि पडलेलं पाणी तिथं थांबत नाही. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन त्याला थोड्या सावलीनं सोसतं, थंडी तर सौम्यच असते. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, झिमझिम थांबत नाही आणि कुंडीतली माती ओली ती ओलीच राहते. कोल्हापुरात ज्युनिपर जातं ते बहुतेक वेळा याच दिवसांत. फक्त ते गेल्याचं आपल्याला कळतं नवरात्राच्या सुमाराला.

रोप विकत घेताना

काडी लावायची तर आधी आईझाड, म्हणजे जिच्या फांद्या कापायच्या ते मूळ रोप, हवं. नर्सरीत ज्युनिपर मागितलं की कधीकधी मोरपंखी हातात पडते. लहानपणी दोन्ही सारखीच वाटतात, पण ओळखणं अवघड नाही. मोरपंखीच्या डहाळ्या चपट्या असतात आणि पंख्यासारख्या उभ्या राहतात. ज्युनिपरची डहाळी गोल, दोरीसारखी असते किंवा टोचणाऱ्या बारीक सुयांनी भरलेली असते. फळ धरलं असेल तर प्रश्नच मिटतो: मोरपंखीचं फळ वाळून फुटतं आणि त्याला शिंगांसारखी टोकं असतात, ज्युनिपरचं फळ वाटाण्यासारखं गोल असतं आणि ते फुटत नाही.

एकाच ज्युनिपरवर सुयांसारखी आणि खवल्यांसारखी अशी दोन्ही पानं दिसली तर गोंधळू नका. कोवळ्या वयात सुया येतात, झाड मोठं झालं की खवले. जोरात छाटणी केली की मोठं झाडसुद्धा पुन्हा काही काळ सुया काढतं. तो रोग नाही, थोडा दम धरला की खवले परत येतात. नर्सरीत पिवळट-पांढरे पट्टे असलेला प्रकारही मिळतो. दिसतो छान, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि अशा काडीची वाढ मंद असते. पहिल्या खेपेला शुद्ध हिरव्या फांद्याच घ्या.

आईझाड विकत आणल्या आणल्या कापायला बसू नका. नर्सरीतली रोपं बऱ्याचदा चिकट मातीच्या पिशवीत, इतर झाडांच्या सावलीत राहिलेली असतात. ते रोप तुमच्या गच्चीवर निदान एक ऋतू राहू दे, नवे पोपटी शेंडे फुटू दे. सशक्त झाडाच्या काडीत साठा असतो आणि मूळ फुटेपर्यंत काडी त्याच साठ्यावर जगते.

काड्या कधी घ्यायच्या

आपल्याकडे छाटकलम म्हटलं की पहिला पाऊस आठवतो. जास्वंद, क्रोटन, बोगनवेल यांना ते चालतं. ज्युनिपरला मात्र दिवाळी आटोपल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ द्या, असं माझं ठाम मत आहे. परतीचा पाऊस तोवर संपलेला असतो आणि हवा कोरडी होते. रात्री गार असतात, त्यामुळं पानांतून पाणी कमी उडतं आणि बुरशीचा जोर कमी असतो. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांचा बुंध्याकडचा भाग या सुमाराला हिरव्याचा तपकिरी व्हायला लागलेला असतो, म्हणजे काडी अर्धपक्व झालेली असते. मूळ धरायला ज्युनिपर दोन ते तीन महिने घेतं, कधी त्याहून जास्त. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावलेली काडी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा तापायला लागते तेव्हा मुळं सोडते. उन्हाळ्याच्या माऱ्याआधी तिच्या पायाखाली काहीतरी असतं. थंड देशांत लोक कलमांच्या खाली विजेचे गरम पट्टे ठेवतात. कोल्हापूरच्या थंडीत दुपारचं ऊन तेवढी ऊब देतंच, तो खर्च करायची गरज नाही.

माध्यम

या भागाला घाई करू नका. काडी लावणं पंधरा मिनिटांचं काम आहे, माध्यम तयार करायला एक सुट्टीचा दिवस जातो आणि तो घालवावाच.

कलमांसाठी खत, शेणखत, गांडूळखत, शेतातली काळी माती यातलं काहीही नको. काळी माती पाणी धरून बसते, सुकली की दगड होते आणि काडीच्या ताज्या जखमेला त्यात बुरशी लागते. हवी आहे ती भरड वाळू. बांधकामाच्या वाळूतून किंवा क्रश सँडमधून ती चाळून घ्यावी लागते. आधी मोठ्या चाळणीतून, म्हणजे साधारण पाच मिलिमीटरच्या, काढा. वर राहिलेले खडे बाजूला ठेवा. खाली पडलेलं दोन मिलिमीटरच्या चाळणीत घ्या आणि या वेळी खाली पडणारी बारीक पूड टाकून द्या. चाळणीत राहिलेले दाणे आपले. ते बादलीत घालून धुवा, वरचं गढूळ पाणी ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवा. ही बारीक पूड राहिली तर दाण्यांमधल्या पोकळ्या बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

या वाळूत तेवढंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं आणि दुसरं तपकिरी पाणी पिळून टाका, त्यात क्षार असतात. पर्लाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खनिज दाणे) मिळालं तर वाळूचा निम्मा भाग त्याचा घ्या, माध्यम हलकं होतं. पश्चिमेकडच्या भाताच्या गावांतून भाताचं तूस सहज मिळतं. ते धुमसवून काळं केलेलं, पण राख न झालेलं, मूठ-दोन मूठ मिसळलं तर माध्यम मोकळं राहतं.

एक सावधगिरी आपल्या गावापुरती. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव आहे, शिरोली-गोकुळ शिरगावकडं वापरलेली साच्याची वाळू ढिगानं पडलेली दिसते आणि फुकट मिळते. ती आणू नका. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी किंवा रेझिन मिसळलेलं असतं आणि दाणाही फार बारीक असतो.

माध्यम जमलं की नाही हे बघायला एक कुंडी भरा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी पृष्ठभागावर न थांबता आत शिरलं आणि लगेच खालून बाहेर आलं तर ठीक. वर तळं साचलं तर पुन्हा चाळा.

कुंडी पसरट, चार-पाच इंच खोल आणि तळाला भरपूर भोकं असलेली हवी. प्लॅस्टिकचा क्रेट किंवा जुनं टोपलं चालतं. तळाला जाळीचा तुकडा घाला. विटांच्या मोठ्या तुकड्यांचा थर घालायची जुनी पद्धत सोडली तरी चालते. माध्यम मोकळं असेल तर तो थर नुसती खोली खातो.

काडी कापणं आणि लावणं

आदल्या संध्याकाळी आईझाडाला भरपूर पाणी द्या. सकाळी, ऊन चढायच्या आत काड्या घ्या. उन्हात उभी राहिलेली, टोकाकडून जोमानं वाढणारी फांदी निवडा. आतल्या सावलीतल्या मरगळलेल्या डहाळ्या सोपं सावज वाटतात, पण त्यांच्यात दम नसतो. लांबी तीन ते पाच इंच. शक्य असेल तिथं काडी कात्रीनं न कापता मुख्य फांदीपासून हलकेच खाली ओढून काढा, म्हणजे जुन्या लाकडाची छोटी टाच तिच्याबरोबर येते. टाचेचं लांब शेपूट कापून नीट करा. अशा टाचेच्या काडीला मूळ चांगलं फुटतं. टाच नाही आली तर धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं तिरपा काप घ्या.

शेंडा खुडायचा नाही. गुलाबाच्या सवयीनं बरेच जण शेंडा कापतात, पण ज्युनिपर आपली ताकद पानांत आणि शेंड्यांत साठवतं, मूळ फुटायचा इशाराही तिथूनच खाली जातो. फक्त खालच्या तिसऱ्या भागातली पानं खालच्या दिशेला अलगद ओढून काढा. सुया टोचतात आणि काहींच्या हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. पानं काढल्यावर खालच्या अर्ध्या-पाऊण इंचाची साल एका बाजूनं ब्लेडनं किंचित खरवडा, आतला हिरवट थर दिसेल इतकीच.

आता मुळांची पावडर. शेतीसाहित्याच्या दुकानात इंडोल ब्युटिरिक ॲसिड असलेली रूटिंग पावडर मागा. पाकिटावर कोवळ्या, अर्धपक्व आणि पक्क्या काडीसाठी असे वेगळे प्रकार लिहिलेले असतात, अर्धपक्व किंवा पक्क्या काडीचा घ्या. थोडी पावडर कागदावर काढून त्यात काडीचं बूड बुडवा, जास्तीची झटका. उरलेली परत डबीत टाकू नका, ओलाव्यानं सगळी बिघडते. हळद, मध, कोरफड लावायचे सल्ले तुम्हाला खूप मिळतील. हळद जखमेवरची बुरशी थोडीफार आवरते, पण ज्युनिपरसारख्या उशिरा मूळ धरणाऱ्या झाडाला त्यांच्या भरवशावर लावू नका. पावडर महाग नसते.

काडी सरळ माध्यमात खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. आधी पेन्सिलीनं भोक पाडा, इंच-दीड इंच खोल काडी ठेवा आणि बाजूचं माध्यम बोटांनी दाबा. दोन काड्यांत दोन इंच अंतर. काही काड्या मुद्दाम तिरप्या लावा; बुंध्याला पहिलं वळण तिथंच मिळून जातं. शेवटी बारीक झारीनं पाणी द्या आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर झाडाचं नाव व तारीख लिहून रोवा. सगळ्या काड्या धरत नसतात, त्यामुळं जितकी झाडं हवीत त्याच्या दुपटी-तिपटीनं लावा.

वाट बघणं

कुंडीवर तारेची कमान करून पारदर्शक पॉलिथिन घाला. ते पानांना चिकटू देऊ नका. जागा भरपूर उजेडाची पण थेट उन्हाची नको: पूर्वेची गॅलरी, परड्यातल्या आंब्याखालची कडा, गच्चीवरच्या टाकीची उत्तर बाजू. पॉलिथिनखाली थेट ऊन आलं तर तासाभरात आत भट्टी होते.

रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं आवरण उघडा, हवा बदलू दे. आतल्या बाजूला बारीक दव धरलेलं असेल तर पाणी द्यायचं नाही. दव दिसेनासं झालं आणि माध्यमाचा वरचा अर्धा इंच कोरडा वाटला तरच फवारा. नव्या माणसाच्या हातून काड्या वाळून मरत नाहीत, प्रेमानं घातलेल्या पाण्यात कुजून मरतात. दीडेक महिन्यानं आवरण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जा.

आणि उपटून बघायचं नाही. ज्युनिपरची काडी आधी कापाच्या जागी पांढरट गाठ धरते, मग त्यातून सुईसारखी नाजूक मुळं येतात. काडी एकदा हलवली की ती तुटतात आणि सगळं पहिल्यापासून.

मग कळायचं कसं? हिरव्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही हे सुरुवातीलाच सांगितलं. शेंड्याकडे बघा. जिवंत काडीचा शेंडा बोटानं वाकवला की लवचीक लागतो, चोळला की तीव्र वास येतो. गेलेल्या काडीचा हिरवा रंग निस्तेज, राखाडी झाक असलेला होतो आणि पान बोटांत कुरकुरतं. मूळ धरल्याची पक्की खूण म्हणजे शेंड्याला आलेली ताजी, उजळ पोपटी वाढ. तीही एकदाच थोडी दिसून थांबली तर साठ्यावरची असू शकते. दोन-तीन आठवडे पुढं सरकत राहिली तर मुळं आहेत. त्यानंतर काडी अगदी हलकी ओढली तर ती धरून ठेवल्यासारखी वाटते.

मार्च संपता संपता आवरण पूर्ण काढा. एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत मिळू दे. वळवाच्या पावसात जोराचा वारा आणि गारा येतात, त्या वेळी कुंड्या भिंतीच्या आडोशाला सरकवा.

पहिली कुंडी

मूळ धरलेल्या काड्या वेगवेगळ्या कुंड्यांत हलवायला मृगाच्या आधीचे-नंतरचे थोडे दिवस मला सगळ्यांत सोयीचे वाटतात. उष्मा मोडलेला असतो, हवेत दमटपणा असतो आणि झडीचा पाऊस अजून लागलेला नसतो. ती वेळ चुकली तर पावसाळ्यात हात लावू नका, ऑक्टोबर उजाडू दे.

आता मिश्रण बदलतं. पक्क्या भाजलेल्या विटांचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे अर्धा भाग, तेवढ्याच आकाराची काळ्या दगडाची ग्रिट (बारीक खडी) पाव भाग, चाळलेलं पानखत किंवा कोकोपीट पाव भाग. पंचगंगेकाठच्या वीटभट्ट्यांमुळं वीट आपल्याकडं मुबलक आहे, पण अर्धीकच्ची वीट घेऊ नका. तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी चिमटीत दाबा. चिखल झाला तर त्या विटा टाकून द्या.

चार इंचाच्या कुंडीत एकेक झाड लावा. कलमाच्या कुंडीतून ते उचलताना खाली चमचा घालून माध्यमासकट उचला. मुळं पूर्ण धुऊन उघडी करू नका, ज्युनिपरला ते सोसत नाही. मुळं चारी बाजूंना पसरून ठेवा, एकावर एक आलेलं मूळ बाजूला वळवा. ही मुळं पुढं बुंध्याच्या पायथ्याशी दिसणार आहेत आणि त्यांची मांडणी आत्ताच सोपी आहे. बांबूच्या काडीनं मिश्रण मुळांच्या मध्ये सरकवा. तीन आठवडे सावलीत, मग सकाळचं ऊन.

पावसाळा

जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांसाठी गच्चीवर पारदर्शक पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा एक उतरता आडोसा करा. बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळला पाहिजे. कुंड्या जमिनीवर ठेवू नका, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा आणि एकमेकींना चिकटू देऊ नका. प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली कौलाचा तुकडा घालून ती थोडी तिरपी करा. पसरट कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, तिरपी केली की तो खालच्या कडेच्या भोकातून निघून जातो. पैसे न लागणारा हा उपाय मी पाहिलेल्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त झाडं वाचवतो.

पाऊस आहे म्हणून पाणी द्यायचं विसरूही नका. आडोशाखालची कुंडी चार दिवसांच्या उघडीपीत कोरडी पडते. बांबूची काडी मिश्रणात खोचून ठेवा, ती काढून गालाला लावा. गार-ओली लागली तर थांबा.

शेंडे राखाडी होऊन तपकिरी पडू लागले तर तो भाग खालच्या निरोगी जागेपासून कापून जाळा, कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसा. मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात उघडीप बघून फवारा. पण शेंडे एका बाजूला नाही, सगळ्या झाडावर एकदम निस्तेज झाले असतील तर दुखणं मुळात आहे आणि फवारणीनं ते बरं होत नाही.

उन्हाळ्यात वेगळा शत्रू येतो, लाल कोळी. तो नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. मार्चपासून दर आठवड्याला ही तपासणी करा. सकाळी पानांवर खालून-वरून जोराचा पाण्याचा फवारा दिला तर बराचसा आटोक्यात राहतो. जास्त असेल तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे थोडे थेंब घालून.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते. अशा घरी पावसाचं पाणी पिंपात साठवून अधूनमधून भरपूर द्या, क्षार धुऊन जातात.

खताची घाई नको. नवी वाढ स्थिर झाल्यावर, म्हणजे कुंडी बदलून महिना-दीड महिना उलटल्यावर सुरू करा. शेंगदाण्याची पेंड आणि निंबोळी पेंड समप्रमाणात घेऊन फडक्यात छोटी पुरचुंडी बांधा आणि मिश्रणावर ठेवा. पावसाळ्यात पुरचुंडी ठेवू नका, ठेवलेली असेल तर काढून टाका, तिच्यावर बुरशी आणि अळ्या येतात. ऑक्टोबरात पुन्हा ठेवा.

घरात ठेवायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही. टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये, ऑफिसच्या टेबलावर ज्युनिपर जगत नाही. रोज चार-पाच तास तरी थेट ऊन आणि मोकळा वारा हवाच. पाहुणे येणार असतील तर त्या दिवसापुरतं आत आणा आणि संध्याकाळी परत बाहेर.

तार आणि बुंधा

काडी पेन्सिलीएवढी जाड व्हायच्या आतच तिला वळण द्यायचं असतं, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात. पातळ बुंधा तारेनं जोरदार वळवता येतो, जाड झाल्यावर तीच गोष्ट तुटण्याच्या भीतीनं होते. ॲल्युमिनियमची तार शिकायला सोपी. तांब्याची तार उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडं मिळते, पण ती विस्तवावर लाल करून मऊ करावी लागते. तारेची जाडी फांदीच्या एक तृतीयांश, गुंडाळण्याचा कोन पंचेचाळीस अंश. वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं करत जा. वळण फक्त डावी-उजवीकडं नको, पुढं-मागंही हवं. तार गुंडाळण्याआधीचा आठवडा पाणी थोडं कमी दिलं तर फांदी जास्त लवते.

पावसाळ्यात वाढीला जोर येतो आणि तार सालीत रुतते. दर पंधरवड्याला बघा. काढताना उलगडू नका, वायर कटरनं तुकडे करून काढा.

छाटणीत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवं काढायचं नाही. सगळे शेंडे बोटांनी खुडत बसायची सवय काही जणांना असते, त्यानं झाड अशक्त होतं आणि टोकं तपकिरी पडतात. लांब गेलेली टोकंच कात्रीनं आतल्या फाट्याजवळ कापा.

बुंधा जाड करायचा तर उथळ ट्रेमध्ये लवकर टाकू नका. मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत त्याला तीन-चार वर्षं मोकळं वाढू दे. परड्यात काळी माती असेल तर फूटभर उंच वाफा करून त्यात वीट-ग्रिटचं मिश्रण भरा. मुळांखाली एक जुनं मंगलोरी कौल आडवं ठेवा. मुळं खाली न जाता बाजूला पसरतात आणि पुढं ट्रेमध्ये बसवणं सोपं होतं. खालची एक फांदी मुद्दाम लांब सोडा. ती बुंध्याला जाडी देते, काम झालं की ती कापायची.

इतकी वर्षं थांबवत नसेल तर एकाच ट्रेमध्ये बारीक झाडांचं वन करा. एकाच आईझाडाच्या काड्या असल्यामुळं सगळ्यांची पानं आणि रंग सारखे असतात, आणि वनाला तेच हवं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जानेवारीच्या अखेरीला पाच किंवा सात झाडं घ्या. सगळ्यांत जाड आणि उंच झाड मध्यापासून थोडं बाजूला, मग उरलेली कमी-कमी उंचीची, कोणतीही तीन एका सरळ ओळीत येणार नाहीत अशी. कडेची झाडं किंचित बाहेर झुकवा. ट्रे शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत सांगून करून घेता येतो. कुंभारमामांना दोन गोष्टी आधीच सांगा: तळाला बोटभर रुंदीची निदान तीन-चार भोकं आणि खाली पाय, म्हणजे तळ जमिनीला टेकणार नाही. मोठ्या भोकांशेजारी तारेसाठी बारीक भोकंही मागून घ्या. भाजल्यावर ती पाडणं जोखमीचं.

लावण्याआधी त्या बारीक भोकांतून तार ओवून वर काढा आणि प्रत्येक झाडाचा मुळांचा गोळा तिनं ट्रेला बांधा. वाऱ्यानं डुलणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात. तार आणि मुळाच्या मध्ये जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती तार तशीच राहू द्या.